धूर, अग्नी आणि हूल : द्वंद्वखेळांतील अनुमानाचे स्वरूप

पडद्यावर दोन योद्ध्यांची झुंज लावून जे व्हिडिओ गेम खेळले जातात त्यांना प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'द्वंद्वखेळ' म्हटले आहे. या खेळांविषयीच्या लेखनात एक जपानी शब्द पुनःपुन्हा भेटतो. तो शब्द 'योमी'. त्याचा सरळ अर्थ 'वाचन' असा आहे, आणि प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी काय करणार हे आधीच ओळखण्याच्या सामर्थ्याला तो लावला जातो. इंग्रजीत ज्याला 'माइंड गेम' म्हणतात त्याचा गाभा हाच, असे मानण्याचा प्रघात आहे. मराठीत त्यासाठी 'मनोयुद्ध' असा शब्द योजण्याचा मोह होतो. परंतु त्या शब्दाने वाजवीपेक्षा अधिक काही सुचवले जाते. जणू दोन मने उघडी होऊन समोरासमोर उभी आहेत आणि हातातील खटके केवळ निमित्तमात्र आहेत! ज्यांचा व्यवसायच वाचनाचा आहे, त्यांनी 'वाचन' हा शब्द असा सढळ हाताने वापरला जात असताना त्याची थोडी छाननी करणे अस्थानी ठरू नये. येथे वाचले जाते ते नेमके काय, कशाच्या आधारे वाचले जाते, आणि ते वाचन खरे की खोटे हे कसे ठरवावयाचे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आपल्याकडील न्यायशास्त्राने अनुमानाची जी चिकित्सा केली आहे ती येथे उपयोगी पडते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी असल्याचे आपण जाणतो. हे जाणणे शक्य होते याचे कारण धूर आणि अग्नी यांचे साहचर्य, म्हणजे व्याप्ती, आपण स्वयंपाकघरात वारंवार पाहिलेली असते. द्वंद्वखेळातील खेळाडूही असेच अनुमान करीत असतो. प्रतिस्पर्धी दोन पावले मागे सरला की तो उडी मारतो असे चार वेळा दिसले, तर पाचव्या वेळी त्याचे मागे सरणे हा धूर ठरतो आणि उडी हा अग्नी. येथवर नवे काही नाही. नवे आहे ते पुढेच. डोंगरावरच्या धुराला आपल्याकडे कोणी पाहत आहे याची वार्ता नसते. द्वंद्वखेळातील धुराला ती असते. ज्याचे मागे सरणे वाचले जात आहे, तो ते जाणून मुद्दाम मागे सरू शकतो आणि उडी मात्र मारीत नाही. अग्नीवाचून धूर काढण्याची ही जी विद्या, तिला मराठीत 'हूल' असा नेमका शब्द आहे. कुस्तीच्या आखाड्यात आणि हुतुतूच्या मैदानात तो मुरलेला आहे. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर हूल म्हणजे प्रतिपक्षाने आपल्यासाठी हेतुपुरस्सर रचलेला हेत्वाभास होय. हेतू सव्यभिचार असल्याचे वादात उघडकीला येते तेव्हा वादी पराभूत होतो. येथे तो डोक्यावर ठोसा बसल्यावर उघडकीला येतो, इतकाच फरक.

अनुमानाची गरज कोठे लागते हे पाहू गेल्यास प्रथम काळाचा विचार करावा लागतो. हे खेळ सामान्यतः सेकंदाला 60 फ्रेमांच्या गतीने चालतात, आणि प्रत्येक हालचालीला किती फ्रेम लागतात हे ठरलेले असते. समोरचे दृश्य पाहून बोट हलवण्यास मनुष्याला साधारणपणे 0.2 ते 0.25 सेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. हलका ठोसा 4 फ्रेमांत लागू शकतो. तो पाहून अडवणे अशक्य. तो येणार असे धरूनच आधी अडवावा लागतो. याउलट ज्या हालचालीला 20-25 फ्रेम लागतात ती, निदान तत्त्वतः, पाहून उत्तर देण्याजोगी असते. तेव्हा प्रत्येक खेळात दृष्टीचे राज्य कोठे संपते आणि अनुमानाचे कोठे सुरू होते याची एक सीमारेषा रचनाकारांनीच आखून दिलेली असते. ज्यांना सर्व काही 'मनोयुद्ध' वाटते ते ही रेषा विसरतात.

अर्थात् ही रेषा कागदावर जितकी ठळक दिसते तितकी ती खेळताना राहत नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 2023 मधील 'स्ट्रीट फायटर सिक्स' या खेळात 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा एक जोरकस प्रहार आहे. तो लागण्यास 26 फ्रेम, म्हणजे सुमारे 0.43 सेकंद, लागतात. तो पाहून उत्तर देता यावे अशीच त्याची योजना आहे. रंगांचा एवढा मोठा फवारा दुसऱ्या कोणत्याही साध्या प्रहाराबरोबर उडत नाही. असे असूनही उत्तम खेळाडू त्याला बळी पडतात. कारण त्यांचे लक्ष त्या क्षणी दुसऱ्याच कशावर तरी खिळलेले असते. समोरचा धावत येईल काय, पकडील काय, उडी घेईल काय, अशा चार शंका मनात एकदम वागवणाऱ्याला पाचवी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. हुलीचे हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, कार्य आहे. ती प्रतिपक्षाला चुकीचे उत्तर द्यावयास लावतेच. परंतु पुष्कळदा ती त्याला केवळ अधिक प्रश्न देते, आणि प्रश्नांच्या ओझ्याखाली त्याची दृष्टी मंद होते.

या प्रकाराचे जुने आणि निर्मळ उदाहरण 1991 च्या 'स्ट्रीट फायटर टू' मध्ये सापडते. त्यातील र्‍यू हा योद्धा दुरून 'हादोकेन' नावाचा तेजोगोल फेकतो. तो अडवला तरी थोडी इजा होतेच, म्हणून प्रतिपक्ष त्यावरून उडी मारू पाहतो. एकदा उडी घेतली की तिचा मार्ग बदलता येत नाही. आणि खाली र्‍यू 'शोर्युकेन' हा वर झेपावणारा ठोसा घेऊन उभा असतो. नवशिक्याला वाटते की तेजोगोल समोरच्याला लागावा म्हणून फेकायचा असतो. जाणता तो फेकतो तो समोरच्याने उडी मारावी म्हणून. वाच्यार्थ एक आणि व्यंग्यार्थ दुसरा, असा हा प्रकार आहे. तिसऱ्यांदा गोल न फेकता नुसता हात हलवला तरी उडी पडते, हे खेळाडूंनी लवकरच हेरले. पुढे 1994 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' या आवृत्तीत तर र्‍यूला गोल फेकण्याचा नुसता आव आणण्यासाठी एक स्वतंत्र चालच देण्यात आली. खेळाडूंनी व्यवहारात घडवलेला अलंकार व्याकरणात दाखल झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र हुलीला अशी शास्त्रमान्यता मिळाली की ती हूल म्हणून थोडी दुबळी होते. जी अपेक्षित आहे तिच्याविषयी समोरचा सावध असतो.

'योमी' ही संकल्पना इंग्रजी वाचकांत रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी डेव्हिड सर्लिन यांच्याकडे जाते. ते स्वतः स्पर्धात्मक खेळाडू आणि खेळरचनाकार असून 'प्लेइंग टु विन' हे त्यांचे पुस्तक या विषयावरील लेखनात पुष्कळ वाचले गेले आहे. त्यांनी योमीच्या पायऱ्या कल्पिल्या आहेत. माझ्याजवळ एक प्रभावी चाल आहे. तुझ्याजवळ तिचा प्रतिकार आहे. तुझ्या प्रतिकारावर माझ्याजवळ प्रतिकार आहे. त्यावर पुन्हा तुझ्याजवळ आहे. यापुढे निराळ्या चालीची आवश्यकता उरत नाही, कारण त्या शेवटच्या प्रतिकाराला माझी मूळची चालच पुरेशी असते आणि चक्र पूर्ण होते. चांगल्या खेळात एवढ्या पायऱ्यांची सोय असावी, हा त्यांचा रचनाकारांना उपदेश आहे. आणि रचनेचे तत्त्व या दृष्टीने तो अत्यंत मार्मिक आहे. कित्येक खेळ फसतात ते याच कारणाने की त्यांत दुसऱ्या पायरीवरच जिना संपतो.

परंतु रचनेचे हे तत्त्व मनाच्या व्यापाराचे वर्णन म्हणून स्वीकारले की घोटाळा होतो. 'तो असे समजेल की मी असे समजतो' ही शिडी नवी नाही. एडगर ॲलन पो यांच्या 1844 मधील 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेत गोट्यांनी एकी-बेकी खेळणारा एक मुलगा आहे. समोरचा किती हुशार हे ओळखून तो त्याच्या विचाराच्या एक पायरी वर राहतो आणि शाळेतील सर्वांच्या गोट्या जिंकतो. कथेत हे शोभून दिसते. परंतु त्या मुलाच्या समोर त्याच्यासारखाच दुसरा मुलगा बसवला तर? शिडीला वरचे टोक नाही. आणि सर्लिन म्हणतात त्याप्रमाणे ती चक्राकार असेल तर तिसऱ्या पायरीवर उभा असलेला आणि सातव्या पायरीवर उभा असलेला हे दोघे एकच चाल खेळणार. मग बाहेरून पाहणाऱ्याने त्याची पायरी कोणत्या खुणेवरून ओळखावी? एखाद्या खेळाडूने 'तीन पायऱ्या पुढचा विचार केला' असे समालोचक उत्साहाने सांगतात तेव्हा ते चालीवरून मन वाचीत नसतात. निकाल पाहून मनाची कथा रचीत असतात. वाङ्मयसमीक्षेत लेखकाच्या हेतूविषयी जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथेही बाळगली पाहिजे.

या शिडीला दुसरे उत्तर गणिताने दिले आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये द्विपक्षीय खेळांविषयी जो सिद्धान्त मांडला, आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह 1944 च्या ग्रंथात ज्याचा विस्तार केला, त्याचा आशय असा की अशा प्रसंगी एकच चाल निश्चित न करता अनेक चाली ठरावीक प्रमाणात, परंतु क्रमाचा माग लागणार नाही अशा रीतीने, मिसळाव्यात. एक कल्पित उदाहरण घेऊ. पडलेला योद्धा उठत आहे आणि आक्रमक त्याला बिलगून उभा आहे. आक्रमक प्रहार करील किंवा पकडून फेकील. उठणारा प्रहार अडवील किंवा पकड सोडवू पाहील. प्रहार अडवला गेला अथवा पकड सोडवली गेली तर कोणाचेच नुकसान नाही. अडवीत बसलेल्याला पकडले तर 10 ची इजा, आणि पकड सोडवू पाहणाऱ्याला प्रहार बसला तर 30 ची इजा, असे धरू. आक्रमकाने काय अधिक वेळा करावे? सहज उत्तर येते : प्रहार, कारण त्यात तिप्पट लाभ आहे. गणित याच्या नेमके उलट सांगते. आक्रमकाने चारपैकी तीन वेळा पकडावे आणि एकदाच प्रहार करावा. उठणाऱ्याने चारपैकी तीन वेळा अडवावे. या प्रमाणात आक्रमक खेळला तर समोरचा काहीही करो, त्याच्या पदरात दर वेळी सरासरी 7.5 पडतात. प्रहार मोठा आहे म्हणूनच तो क्वचित् करावयाचा. त्याची भीती समोरच्याला अडवीत बसवते, आणि अडवीत बसलेला पकडीला सापडतो. न केलेला प्रहार केलेल्या पकडीच्या पाठीशी उभा असतो.

आता असे काटेकोर प्रमाण पाळणाऱ्या खेळाडूला वाचता येत नाही, हे उघड आहे. परंतु तोही कोणाला वाचीत नाही! समोरचा घाबरून दहापैकी नऊ वेळा अडवीत असला तरी हा आपल्या 7.5 वर संतुष्ट. जो वाचक आहे तो म्हणेल, आता सदैव पकडावे. त्याला सरासरी 9 मिळतील. हा जो दीडचा लाभ, ते वाचनाचे वेतन होय. आणि त्याची किंमत? सदैव पकडणारा स्वतःच एक ठळक धूर सोडू लागतो. समोरच्याचे ते घाबरणे सोंग असेल आणि तो पकड सोडवू लागला, तर 7.5 चेही शून्य होते. वाचावयास निघणे म्हणजे वाचले जाण्याची जोखीम पत्करणे. माझ्या मते द्वंद्वखेळातील ज्याला खरोखर 'मनाचा खेळ' म्हणता येईल तो एवढाच आहे : सुरक्षित प्रमाण केव्हा सोडावे, किती वेळ सोडावे, आणि समोरच्याला ते कळण्याच्या आत परत केव्हा यावे. हा निर्णय पायऱ्या मोजून होत नाही. तो साक्षीपुराव्यावर होतो.

या दृष्टीने पाहता या क्षेत्रातील सर्वांत विख्यात सामन्याचे पुनर्वाचन आवश्यक ठरते. 2004 साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे भरलेल्या 'इव्हो' स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' या 1999 च्या खेळात जपानचे डायगो उमेहारा आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग यांची गाठ पडली. उमेहारा यांचा योद्धा केन, वाँग यांची चुन-ली. निर्णायक फेरीत केनची प्राणशक्ती सुईच्या अग्राएवढी उरली होती. अशा वेळी वाँग यांनी चुन-लीचा 'होयोकुसेन' हा 15 लाथांचा महाप्रहार सोडला. उमेहारा यांनी त्यातील प्रत्येक लाथ 'पॅरी' केली, शेवटची तर हवेत झेपावून केली, आणि खाली येता येता उलट प्रहारांची साखळी गुंफून फेरी जिंकली. प्रेक्षागृहात उसळलेल्या कल्लोळासह या प्रसंगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. या खेळातील पॅरी म्हणजे प्रहार लागण्याच्या नेमक्या क्षणी कळदांडा प्रतिपक्षाकडे ढकलणे. ती साधली तर काडीचीही इजा होत नाही. चुकली तर अडवण्याचीही सोय उरत नाही. शिवाय या महाप्रहाराची पहिली लाथ इतकी शीघ्र येते की पॅरीची हालचाल तो सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. यावरून उमेहारा यांनी वाँग यांचे मन वाचले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो.

मला तो निष्कर्ष अर्धाच मान्य आहे. त्या क्षणी वाचावयाचे होते तरी किती? केनची अवस्था अशी होती की कोणताही विशेष प्रहार अडवला तरी होणाऱ्या किंचित् इजेने तो मरणार होता. चुन-लीजवळ महाप्रहाराची शक्ती साठलेली होती. आणि अडवूनही मारील असा, दूरवर पोचणारा, अतिशीघ्र प्रहार तोच होता. म्हणजे 'काय' हा प्रश्न खेळाच्या नियमांनीच जवळजवळ सोडवला होता. 'केव्हा' एवढाच शिल्लक होता. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एरवी पॅरीसाठी दांडा पुढे ढकलणाऱ्याला अडवण्यावर पाणी सोडावे लागते, आणि ही किंमत मोठी असते. परंतु अडवल्याने मरणच येणार असेल तर अडवण्याचे मोल ते काय? केन मृत्यूच्या इतका समीप आला होता की धाडसाची किंमतच नाहीशी झाली होती. पूर्ण प्राणशक्ती असताना जी अविचारी ठरली असती, तीच चाल येथे एकमेव विवेकी चाल होती. त्यामुळे या प्रसंगाला मनोवाचनाचा कळस म्हणणाऱ्यांनी, जेथे वाचण्याजोगे सर्वांत कमी होते असे स्थळ उदाहरणादाखल निवडले आहे, असे म्हणावे लागते.

याने उमेहारा यांचे श्रेय उणावत नाही. ते दुसरीकडे जाते. पहिल्या लाथेचा क्षण हेरणे हे अनुमान. नंतरच्या लाथा हे पाठांतर. त्यांचा क्रम आणि ताल ठरलेला आहे, आणि तो बोटांत उतरवण्यासाठी लागणारी साधना एकांतात झालेली असते. हजारोंच्या स्मरणात राहिला तो हा दुसरा भाग, कारण तो दिसतो आणि मोजता येतो. तसेच, वाँग यांनी घाई केली, असा जो दोष त्यांना दिला जातो तोही अन्यायाचा आहे. ज्या प्रहारातून सुटण्यासाठी प्रतिपक्षाला 15 अचूक पॅरी कराव्या लागतील, तो प्रहार न सोडता वाट पाहत बसणे हेच उलट आश्चर्याचे ठरले असते. योग्य निर्णय हरू शकतो, ही गोष्ट निकालावरून मने वाचणाऱ्या समीक्षेला पचत नाही.

व्याप्तीचा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने पुढे आणणारे उदाहरण 2019 चे आहे. लाहोरचे अर्सलान सिद्दीक, जे 'अर्सलान ॲश' या नावाने खेळतात, ते त्या वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये 'टेक्कन सेव्हन' या खेळातील इव्होची स्पर्धा जिंकून गेले, आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत कोरियाचे नामांकित खेळाडू 'नी' यांना अंतिम सामन्यात हरवून पुन्हा विजयी झाले. पाकिस्तानातील खेळाडूंची शैली तोवर बाहेर फारशी कोणी पाहिलेली नव्हती. कोरिया-जपानच्या अग्रगण्य खेळाडूंचे सामने मात्र चित्रफितींतून कोणालाही पाहता येत होते. एका बाजूला वर्षानुवर्षांचे स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला नुसता डोंगर, अशी ही विषम स्थिती होती. ज्याच्या सवयी ठाऊक नाहीत त्याचा धूर कोणत्या अग्नीचा, हे ठरवावे कसे? त्यांच्या त्या वर्षीच्या यशाचे सगळे श्रेय या अपरिचयाला देण्याचा मोह होतो. परंतु ते टिकत नाही. 2023 आणि 2024 मध्ये, त्यांचा खेळ जगाने बारकाईने पाहून झाल्यावरही, लास व्हेगासची तीच स्पर्धा त्यांनी जिंकली. अपरिचय हा एक उपाधी होता, कारण नव्हे.

याच संदर्भात स्पर्धेच्या लांबीचाही विचार व्हावयास हवा. इव्होसारख्या स्पर्धेत बहुतेक लढती तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या असतात. एवढ्या अवकाशात व्याप्ती बांधण्यास पुरेसे प्रसंगच मिळत नाहीत. म्हणून खेळाडू आपसांत जेव्हा खरा निवाडा करू इच्छितात तेव्हा दहा डाव आधी जिंकणारा विजयी अशी लांब लढत ठरवतात. तिसऱ्या डावात पेरलेली सवय आठव्यात मोडून त्याचे पीक घेण्यास तेथे वाव असतो. छोट्या लढतीतील हूल ही पुष्कळदा सर्वसामान्य खेळाडूसाठी असते. लांब लढतीतील हूल त्या एका माणसासाठी असते. आणि हूल दोन्हीकडे जाणत्यालाच लागते. जो नुसते खटके बडवीत आहे, त्याला आपण दोनदा तेजोगोल फेकला आणि तिसऱ्यांदा फेकला नाही, याचा पत्ताच नसतो. तो आपल्या नादात उडी मारतो किंवा मारीत नाही. काव्याला जसा सहृदय लागतो तसा हुलीला शिकलेला प्रतिपक्ष लागतो. निष्णात खेळाडू कधी कधी अगदी नवख्याकडून एखादी फेरी हरतो आणि चिडतो, त्याचे कारण हे आहे.

एक गोष्ट नोंदवावयाची राहिली. पोमोनाची ती लढत अंतिम नव्हती. तेथून उमेहारा अंतिम सामन्यात गेले आणि तेथे त्यांचेच देशबांधव केन्जी ओबाता यांच्याकडून पराभूत झाले. त्या सामन्यात ना पंधरा पॅरी आहेत, ना प्रेक्षागृहाचा कल्लोळ. दोन्ही खेळाडू पुरेशा प्राणशक्तीने, अनेक पर्याय मोकळे असताना, एकमेकांच्या सवयी तपासीत खेळले. वाचनाचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे त्यांनी ती चित्रफीत काढावी, कोण कितव्या वेळी मागे सरला आणि पुढे काय केले याची फ्रेमागणिक टिपणे करावीत, आणि मगच 'योमी' हा शब्द लेखणीवर आणावा.